तोंड चालू पाहिजे

कल्पना करा, तुम्ही संत्र्याच्या बागेत तोडाईला आला आहात. सकाळचं दव अजून पानांवर आहे, बाह्या कोपरापर्यंत भिजल्या आहेत. एका हातानं फांदी खाली ओढायची, दुसऱ्या हातानं फळ धरून हलकासा पीळ द्यायचा. देठाची टोपी फळावरच राहिली पाहिजे, नाहीतर तिथूनच फळ सडायला लागतं. फळ कमरेच्या ओटीत टाकायचं, ओटी भरली की बागेच्या तोंडाशी पसरलेल्या गवतावर नेऊन हळूच रिकामी करायची. इथपर्यंत कुणालाही जमेल. आता यात एवढंच जोडा की हे सगळं करताना गात राहायचं. श्वासापुरतं थांबलात तर चालेल, पण गिळायला थांबलात तर धुऱ्यावर, म्हणजे बागेच्या बांधावर, टाकलेल्या मालकाच्या बाजेवरून तुमच्या नावानं हाक येईल. पिकलेलं संत्रं नाकासमोर लटकतं आहे आणि घरून निघताना पोटात फक्त कोरा चहा गेला आहे.

पंचफुलाआजीनं तरुणपणीचे सगळे हिवाळे हे काम केलं. म्हणून तिच्यासमोर कुणी 'श्रमगीत' हा शब्द काढला, की ती जवळची वस्तू उचलून दाणकन खाली ठेवते. परवा तांब्याला पोचा पडला.

सौंसरहून लोधीखेड्याकडे जाताना आमचं गाव लागतं. गावात एक बोळ आहे. अलीकडे आमचा बौद्ध मोहल्ला संपतो आणि पलीकडचं पहिलं घर पंचफुलाआजीचं. माझी आजी लीलाबाई तिची जिवाभावाची मैत्रीण होती. लीलाआजी वारली तेव्हा मी शाळेत होतो. पुढे मी छिंदवाड्याला पॉलिटेक्निकमधून इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला आणि आता साउंडची कामं घेतो. लग्न, जयंती, भागवत सप्ताह, जे येईल ते.

म्हाताऱ्या माणसांना डीजे आवडत नाही असं सगळे धरून चालतात. पंचफुलाआजी वरात आली की घरातून बाहेर येते आणि स्पीकरच्या सगळ्यात मोठ्या डब्याला हात टेकवून उभी राहते. मी एकदा तिच्या कानात ओरडलो, "आजी, कान फाटतील ना!"

"फाटू दे," ती ओरडली. "पण मले कोणी म्हणत नाही ना, का पंचफुला, तू म्हण. हा डबाच म्हणते सारं!"

बायका ढोलकी घेऊन हळदीला गायला बसल्या की मात्र ती उठून जाते. गेल्या वर्षी शेजारच्या पूनमच्या हळदीत सगळ्यांनी तिला घेरलं. आजी, एक तरी म्हणा, तुमच्या काळातलं. आजीनं विचारलं, "रोजी देता का?" बायका खो खो हसल्या. ती हसली नाही. चपला शोधून घरी निघून गेली.

तिला तरुणपणी काय आवडायचं हे मी खूपदा विचारलं आहे. तिचं उत्तर ठरलेलं असतं: सिनेमाचे गाणे, भोंग्यावर वाजणारे, जोरातले. ती ज्या बागेत कामाला जायची त्या बागेच्या मालकाकडे, रघुनाथरावांकडे, ट्रान्झिस्टर होता. सकाळी बायका जमेपर्यंत तो बाजेवर वाजत असायचा. तोडाई सुरू झाली की मालक कान पिळून बंद करायचे. गाणं निम्म्यावर आलं असेल तर निम्म्यावर.

"माह्या जवानीतले सारे गाणे अर्धेच हायत," ती म्हणते.

तिच्या नातीनं, दामिनीनं, तिला मोबाइल घेऊन दिला तेव्हा आजीनं पहिल्यांदा ती अर्धी राहिलेली गाणी शोधायला लावली. कानात तारा घालून एकेक पूर्ण ऐकलं. महिनाभरानं मला म्हणाली, "प्रफुल्ल, फसवलं रे आपल्याले. बाकीच्या अर्ध्यात काहीच नव्हतं. तेच पुन्हा म्हणून राहिले होते." त्यानंतर तिनं ती गाणी सोडली आणि डीजेच्या मागे लागली.

ट्रान्झिस्टर बंद करायचं कारण असं, की रघुनाथरावांना बायकांचे आवाज ऐकू यायला हवे होते.

त्यांची बाग दाट होती. फांद्या जमिनीला टेकायच्या. धुऱ्यावरून कोण कुठल्या झाडात शिरलं आहे ते दिसायचं नाही. कुणी संत्रं खाल्लं का हे हाताच्या वासावरूनही कळणार नाही, कारण सालीचा वास सगळ्यांच्याच हाताला. म्हणून मालकांनी नियम काढला, तोंड चालू पाहिजे. जी गात आहे ती खात नाही. बाजेवर डोळे मिटून पडायचे आणि आवाज ऐकायचे. एकेक आवाज त्यांना नावानं माहीत होता. एखादा गळला की हाक यायची, "पंचफुला, आवाज कोठी गेला वं?"

"गुरासारखं," आजी सांगते. "गुराच्या गयात घंटी बांधतेत ना, का कोठी चरून राहिलं ते समजाव. आमच्या गयात गाणं बांधलं होतं."

एका बाईचा आवाज गळला आणि ती साल लपवताना सापडली. भर हंगामात मालकांनी तिला घरी पाठवलं आणि आजूबाजूच्या बागांनाही निरोप धाडला. तिला पुढे कुणी कामावर घेतलं नाही. यानंतर कुणाची हिंमत झाली नाही.

दिवसभर गायचं म्हणजे गाणी किती पुरणार? भुलाबाईची गाणी, जात्यावरच्या ओव्या, हळदीची गाणी दुपारपर्यंत संपायची. मग नवीन जुळवावी लागायची. त्यात पंचफुलाआजीचा हात कुणी धरत नसे. तिचं एक गाणं सगळ्या बागेत म्हटलं जायचं. संत्र्याला तिनं सासरी निघालेली नवरी केलं होतं:

*पिवळ्या लुगड्याची बाई कोण्या गावची वं,*
*देठासंगं तुटून आली, नाही नावची वं.*

एक ओळ पुढचीनं म्हणायची, दुसरी मागच्यांनी. आजी नेहमी पुढची.

त्या हिवाळ्यात माझी आजी लीलाबाई गरोदर होती. पोटात माझे वडील. तिला आंबट-गोडाचे असे डोहाळे लागले होते की झाडाखाली उभं राहिलं तरी तोंडाला पाणी सुटायचं. घरी भाकरीलाच ओढाताण, फळ कुठलं? पहिल्या दिवशी तिनं एक संत्रं सोललं. दोन फोडी तोंडात घातल्या तोच हाक आली, "लीला, आवाज?" तिनं बियांसकट गिळलं. ठसका लागला, डोळे पांढरे झाले. पंचफुलाआजीनं पाठीत गुद्दे घातले आणि गुद्दे घालता घालता गातही राहिली.

दुसऱ्या दिवशी तिनं लीलाबाईला शेजारच्या झाडात ओढलं. म्हणाली, "तू खा. तुही ओळ मी म्हणतो."

लीलाबाईचा आवाज जाड होता, जरा नाकातून यायचा, आणि ती नेहमी किंचित उशिरा उचलायची. पंचफुलाआजीचा आवाज बारीक. तिनं युक्ती काढली. पहिली ओळ आपल्या आवाजात म्हणायची, मग हनुवटी गळ्याशी दाबून, थोडं थांबून, दुसरी ओळ लीलाबाईच्या आवाजात. तोवर लीलाबाई बसून खायची. साली ओल्या मातीत पुरायची. बाळंतपणाला बसेपर्यंत हे चाललं. हाक एकदाही आली नाही.

"तुहा बाप संत्र्यावर पोसला," आजी मला ऐकवते. "अन् मी दोन बायांचं गायली, रोजी एकीचीच."

पण हे सांगताना तिला हसू येत नाही. रोज सकाळी बागेत शिरताना ती भीतभीत आधी बाजेकडे बघायची, ते ती सांगते. पकडलं असतं तर दोघींचं काम गेलं असतं, आणि एकीच्या पोटात पोर. त्या भीतीतून आलेलं गाणं कुणी गोड म्हटलं की तिचं डोकं फिरतं.

तर गेल्या हिवाळ्यात रघुनाथरावांचा नातू गजेंद्र तिच्या घरी आला. नागपूरला शेतीचं शिक्षण घेऊन आलेला, बोलायला मऊ मुलगा. त्यानं बागेत महोत्सव ठरवला होता. शनिवारी जामसावळीला हनुमानाचं दर्शन घेऊन परतणाऱ्या नागपूरच्या गाड्या बागेकडे वळवायच्या, पाहुण्यांनी स्वतः संत्री तोडायची, जेवण करायचं, गाणी ऐकायची. साउंड माझा होता, म्हणून मीही सोबत होतो.

"आजी, ते तुमचं तोडाईचं गाणं," गजेंद्र म्हणाला. "आपल्या बागेचा वारसा आहे तो."

"बागेचा?"

"म्हणजे आपल्या सगळ्यांचा."

"गाणं सगळ्याइचं," आजी म्हणाली. "अन् बाग?"

गजेंद्र हसला. त्याला वाटलं, म्हातारी गमतीशीर आहे. "आजी, तुम्ही फक्त बसून राहा. म्हणणार पोरी. दामिनीनं हो म्हटलंय."

आजीनं मान वळवली. दामिनी दारात उभी होती. सौंसरच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे, आजीसारखीच हट्टी.

"तुले कोठून येते ते गाणं?"

"तुझ्याकडून."

"म्या कव्हा शिकवलं?"

"शिकवलं नाही. भाकरी थापताना म्हणून राहते ना तू."

"खोटं! मी कव्हाच म्हणत नाही ते. खोटं बोलून राहिली!"

दामिनीनं मोबाइल काढला. आधी भाकरीची थपथप ऐकू आली, मग बारीक आवाजात गाणं. पहिली ओळ संपली, थपथप थांबली आणि दुसरी ओळ वेगळ्याच बाईनं उचलली. जाड आवाज, नाकातून, किंचित उशिरा.

"ही दुसरी कोण आहे?" गजेंद्रनं विचारलं.

 मला मात्र आमच्या अंगणात लीलाआजी धान्य पाखडते आहे असं वाटलं. लहानपणी त्याच आवाजात मला हाका यायच्या.

"बंद कर ते," आजी म्हणाली. मग तिनं चुलीतलं लाकूड आत सारलं. "येईन मी. म्हणीन बी. बसून राहाले काऊन सांगता?"

गजेंद्र खूश झाला. मी झालो नाही. आजीचा असा शांत सूर मला माहीत आहे.

शनिवारी बागेत कमान लावली होती, त्यावर 'श्रमाचा गोडवा'. कॉलेजच्या मुलींना पिवळ्या साड्या. रघुनाथरावांना खुर्चीत बसवून आणलं होतं आणि धुऱ्यावर, पूर्वी बाज असायची तिथेच ठेवलं होतं, फोटोसाठी. नव्वदीला आलेला माणूस. डोळे पार गेले आहेत. कान मात्र इतके तिखट की दूरची मोटरसायकल कुणाची ते सांगतात.

मी आजीच्या पदराला कॉलर माइक लावत होतो तेव्हा गजेंद्र टाळ्या वाजवत आला. "ऐका सगळ्या. या ओळीतली झाडं पाहुण्यांसाठी आहेत. आणि गाताना कुणी खायचं नाही बरं का. तोंडात फोड असली की माइकमध्ये ऐकू येतं."

आजीचा पदर माझ्या हातातून सुटला. "काय म्हणाला तू?"

"खाऊ नका म्हटलं, आजी. नंतर तुम्हाला पेटीच देतो ना!"

"तुह्या आजाले विचारून आला का हे?"

"नाही हो, माझीच आयडिया आहे," गजेंद्र म्हणाला आणि पाहुण्यांकडे धावला. तो खरं तेच सांगत होता. त्याला त्या नियमाची काहीच कल्पना नव्हती, आणि मला वाटतं आजीला त्याचाच सर्वांत जास्त राग आला.

गाणं सुरू झालं. आजीनं पहिली ओळ उचलली, पिवळ्या लुगड्याची बाई. मुलींनी मागून धरली. पाहुणे मोबाइल वर करून उभे होते. दोन कडवी नीट झाली. मग आजीनं डोक्यावरची फांदी ओढली, एक संत्रं तोडलं आणि अंगठ्यानं साल फोडली.

कॉलर माइक छातीवर असतो. साल निघाल्याचा चर्र आवाज सगळ्या डब्यांतून बागभर गेला. मग फोड तुटल्याचा. मग चावण्याचा, रस ओढण्याचा. मग तिनं बी थुंकली, थू!

माझं बोट आवाज कमीजास्त करायच्या फेडरवर होतं. गजेंद्र लांबून हात खाली-खाली करून दाखवत होता. मी बोट हलवलं नाही.

पाहुणे हसायला लागले. मुली गोंधळल्या, पुढची ओळ येईना म्हणून थांबल्या. आजी सगळ्यांसमोर, घाई न करता, दुसरी फोड तोंडात घालत होती. कार्यक्रम बंद पडणार होता. तिला तेच हवं होतं.

तेवढ्यात धुऱ्यावरून आवाज आला. बारीक, कापरा, पण स्पष्ट.

"पंचफुला, आवाज कोठी गेला वं?"

आजीचं तोंड थांबलं. मी समोरच होतो, मला दिसलं. तिचा हात आपोआप तोंडावर गेला, साल मुठीत लपली आणि तिनं फोड न चावता गिळली. क्षणभर ती पासष्ट वर्षांची नव्हती.

आणि शेजारच्या झाडाआडून पुढची ओळ आली, पंचफुलाआजीच्या आवाजात. तोच बारीकपणा, शेवटच्या शब्दावर तीच तडकलेली कड. आजीनं वळून पाहिलं. पिवळ्या साडीतली दामिनी मान वर ताणून, गळा आवळून गात होती. एक ओळ आजीची म्हणून तिनं लगेच हनुवटी खाली दाबली आणि दुसरी म्हटली, जाड, नाकातून, किंचित उशिरा.

"हां," रघुनाथराव म्हणाले आणि खुर्चीला टेकले.

बाकीच्या मुलींनी सूर धरला. गाणं पूर्ण झालं. टाळ्या थांबेनात.

गजेंद्र धावत आला. त्याचा चेहरा फुलला होता. "एक नंबर, आजी! ती खाण्याची ॲक्टिंग, वरून दादाजींची हाक! उद्याही असंच ठेवू."

"ॲक्टिंग?" आजी म्हणाली. तिनं मुठीतली साल त्याच्या पायापाशी टाकली. "इतक्या वर्सानं खाल्लं. ते बी तुह्याच कामी आलं!"

ती तरातरा दामिनीकडे गेली. "काऊन म्हटलं तू? मी बंद पाडून राहिली होती. दिसलं नाही तुले?"

"दिसलं. पण मग तू भ्यायली."

"भ्यायली? मी?"

"साल लपवली तू, आजी. तोंडावर हात ठेवला."

"मंग? मले वाचवाले कोणी सांगतलं तुले?"

दामिनीचे डोळे भरले होते, पण तीही त्याच घराण्यातली. "लीलाआजीले वाचवाले तुले कोणी सांगतलं होतं?"

 आजी वळून थेट धुऱ्याकडे चालत गेली. मी माइक काढायच्या निमित्तानं मागे गेलो.

खुर्चीसमोर ती उभी राहिली. रघुनाथरावांनी मान उचलली. "कोण?"

"पंचफुला."

"हां, पंचफुला." त्यांनी कान तिच्याकडे वळवला. "आता म्हटलं ते तू नव्हती."

आजीनं खुर्चीचा हात धरला. "मंग तव्हा? तव्हा बी तुमाले समजत होतं का, मालक? लीलाच्या वक्ताले?"

त्यांचे ओठ हलले. तेवढ्यात गजेंद्र शाल, नारळ आणि फोटोवाल्याला घेऊन आला. दादाजी, आजींच्या खांद्यावर शाल घाला, असं, इकडे बघा. म्हाताऱ्याच्या हातात शाल दिली गेली. आजीनं ती घेतली नाही. फोटोत ती नाहीच, नुसती हवेत धरलेली शाल आहे. मग जेवणाची वेळ झाली म्हणून त्यांना आत नेलं. जाता जाता ते विचारत होते की यंदा फळाला गोडी आली का.

रविवारी आजी गेली नाही, दामिनीही गेली नाही. गजेंद्रनं माझ्याकडे शनिवारचं रेकॉर्डिंग मागितलं. पुसलं गेलं असं मी सांगितलं. पुसलेलं नाही. आजी अधूनमधून बोळ ओलांडून येते, माझ्या टेबलापाशी स्टुलावर बसते आणि म्हणते, लाव. तिला गाणं नको असतं. तिला फक्त मालकांचा तो 'हां' ऐकायचा असतो, फसून म्हटलेला की ओळखून म्हटलेला ते ताडायला. मी आवाज वाढवून, आजूबाजूचा कालवा कापून, तेवढाच तुकडा वाजवतो. ती डोळे मिटून ऐकते, जसे कधीकाळी मालक ऐकायचे.

त्यानंतर दोनदा ती रघुनाथरावांच्या घरी जाऊन आली. एकदा ते झोपले होते. एकदा त्यांनी तिला ओळखलंच नाही, कामवाली समजून पाणी मागितलं. तिनं पाणी दिलं आणि परत आली. घरी येऊन तिनं कोणती वस्तू आपटली ते दामिनीनं मला सांगितलं नाही.

काल पुन्हा आली. तुकडा ऐकला. मग टेबलावर मूठ टेकवून म्हणाली, "मी रोज भेऊन दोघींचं गात होती. तो मजेत पडून होता. त्याले माहीत नव्हतं, तं मी जितली. पण त्याले माहीत असलं, प्रफुल्ल, तं मंग मले एवढंच सांग. लीला खाते हे माहीत असून बी तो रोज आमाले गावाले लावे, ते कायच्यासाठी? दया होती का त्याची? का आमाले आपला रेडिओ करून फुकटात ऐकून राहिला होता तो?"